कृष्णेचं वाटप आणि मद्रासला दिलेले पाच टीएमसी

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बघ्यांची गर्दी होते. ते पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं, उजनी-पंढरपूर करत कर्नाटकात शिरतं आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेत जातं. उन्हाळ्यात पुण्याची दौंड-इंदापूरशी कालव्याच्या आवर्तनावरून जुंपते, पण कृष्णेच्या पाण्यातला राज्याचा एकूण वाटाच 1976 साली ठरून गेलाय, हे कुणी काढत नाही.

कृष्णेच्या वाटपाची बोलणी त्याआधीची, 1951 ची. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर अशी तेव्हाची राज्यं. म्हैसूरने मान्यता दिली नाही, आणि 1956 मध्ये तर राज्यांच्या हद्दीच बदलल्या. आंतरराज्य जलविवाद कायदाही त्याच वर्षीचा. त्याखाली 1969 मध्ये बचावत लवाद नेमला गेला. चारपैकी तीन वर्षं हमखास मिळेल एवढंच पाणी, म्हणजे 2060 टीएमसी (अब्ज घनफूट), लवादाने वाटायला घेतलं: महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700, आंध्रला 800, शिवाय सिंचनातून नदीत परत येणाऱ्या पाण्याचा थोडा वाढीव हिस्सा. चांगल्या पावसात त्याहून जास्त येणारं पाणी आंध्रने वापरावं, पण त्यावर हक्क सांगू नये, असं ठरलं. पुढच्या भांडणाचं मूळ इथंच आहे, असं माझं मत.

निवाड्याच्याच वर्षी, 1976 मध्ये, लवादाबाहेर एक समझोता झाला, तो मात्र फारसा आठवला जात नाही. मद्रास शहर कृष्णेच्या खोऱ्यात नाही, तमिळनाडूचा या पाण्यावर हक्क नव्हता. तरी तहानलेल्या शहरासाठी तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातले 5-5 टीएमसी सोडले. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर, तेव्हा ही काही किरकोळ देणगी नव्हे. आंध्रातल्या कृष्णेवरच्या श्रीशैलम धरणापासून कालव्याने, सोमशिला आणि कंडलेरू जलाशयांतून पाणी न्यायचं. गळती-बाष्पीभवन वजा जाता तमिळनाडूच्या हद्दीवर 12 टीएमसी पोचवायचं. यासाठीच्या तेलुगू गंगा प्रकल्पाचा करार 1983 चा. चेन्नईजवळच्या पूंडी जलाशयात पाणी आलं 1996 मध्ये, आणि पूर्ण 12 टीएमसी क्वचितच पोचतात.

2004 मध्ये ब्रिजेशकुमार लवाद बसला. 2010 च्या निवाड्यात महाराष्ट्राचा वाटा 666 टीएमसी झाला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 524 मीटरपर्यंत वाढवायला मुभा मिळाली. आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2011 पासून निवाड्याची अधिसूचना अडकली. 2014 मध्ये तेलंगण वेगळं झालं, त्याला चारही राज्यांत नव्याने वाटप हवं होतं. लवादाने 2016 मध्ये तो वाद आंध्र आणि तेलंगणपुरताच ठेवला.