धातूत काच की काचेत धातू?

‘मेटॅलिक ग्लास कंपोझिट’ या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळे पदार्थ बिनदिक्कत नांदतात. एकात काच अखंड पसरलेली असते आणि तिच्या पोटात स्फटिकी धातूचे फाटे असतात. दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम अखंड असतं आणि काचेचे कण त्यात विखुरलेले असतात. लेखांमध्ये, सादरीकरणांमध्ये आणि आता विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही पहिल्याचे आकडे सर्रास दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. ‘काच’ म्हणजे खिडकीची पारदर्शक काच किंवा फायबरग्लास नव्हे, हे इथवर आलेल्याला सांगायची गरज नसावी. अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेला मिश्रधातू, एवढंच.

पहिला प्रकार बहुतेकांच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. 1960 साली कॅलटेकमध्ये सोनं आणि सिलिकॉनचं वितळलेलं मिश्रण झटक्यात थंड करून पहिली धातूची काच मिळाली. 1993 मध्ये झिर्कोनियमवर आधारलेली ‘व्हिट्रेलॉय 1’ आली आणि जाड तुकडे ओतता येऊ लागले. ताकद 1.9 गिगापास्कलच्या आसपास, कायमची न वाकता लवचीकपणे ताणली जाण्याची मर्यादा सुमारे 2 टक्के. पण ओढलं की जवळजवळ सूचना न देता तुटणार, कारण सगळं विरूपण दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या एखाद्या शिअर बँडमध्ये (पदार्थ घसरतो त्या अरुंद पट्ट्यात) एकवटतं आणि तो बँड सुसाट धावत सुटतो. त्यावर उपाय म्हणून काचेतच मऊ डेंड्राइट, म्हणजे झाडासारखे फाटे फुटलेले स्फटिक, वाढवले गेले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायटॅनियम-झिर्कोनियमच्या अशा मिश्रधातूंनी ताणाखाली 10 टक्क्यांहून जास्त लांबण दाखवली.

आता खरी गफलत.

काचेत घातलेला धातू आणि धातूत घातलेली काच यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. काचेच्या मॅट्रिक्समध्ये (म्हणजे अखंड पसरलेल्या घटकात) ताकद आधीच भरपूर असते, वानवा असते ती चिवटपणाची. म्हणून आत घातलेला घटक मुद्दाम *मऊ* हवा. शिअर बँड त्याच्याशी येऊन थबकला पाहिजे, फुटून अनेक बँडांत विभागला पाहिजे. फाट्यांमधलं अंतरही बँड बेफाम होण्याआधी अडवला जाईल इतकंच ठेवावं लागतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये उलटं चित्र: चिवटपणा घरचाच आहे, कमी पडते ती ताकद. तिथे काचेचा कण *कठीण* म्हणून घालतात आणि त्याचा सामना शिअर बँडशी नसतो, डिस्लोकेशनशी (स्फटिकाच्या मांडणीतल्या सरकत्या दोषाशी) असतो. त्यामुळे ‘मेटॅलिक ग्लासने अ‍ॅल्युमिनियमला 10 टक्के लांबण दिली’ असं वाक्य दिसलं की मी पुढचं वाचत नाही. अ‍ॅल्युमिनियमकडे ती आधीपासून होती. काच घातल्यावर ती घटते, आणि किती कमी घटली यावर कंपोझिट जोखायचं.

याच गोंधळाचं दुसरं पिल्लू म्हणजे मिश्रणाचा नियम. ‘काच 1.9 गिगापास्कल, प्रमाण 20 टक्के, म्हणजे 380 मेगापास्कल तर नुसत्या काचेकडूनच आले’ असा हिशेब मांडला जातो. काचेचे लांब तंतू ओढीच्या दिशेने रचले असते तर त्याला काही अर्थ होता. गोलसर कणाची गोष्ट वेगळी. त्याच्यावर भार येतो तो फक्त भोवतालच्या अ‍ॅल्युमिनियमने सीमेवरून ढकलला तेवढाच. मऊ अ‍ॅल्युमिनियम वीस-तीस मेगापास्कललाच वाहू लागतं. कणाची स्वतःची ताकद कधी कसाला लागतच नाही.

मग ताकद वाढते कशी? थोडी भाराच्या वाटपातून, थोडी मॅट्रिक्सचे ग्रेन (स्फटिककण) बारीक झाल्याने, थोडी थंड होताना दोघांच्या आकुंचनातल्या तफावतीमुळे सीमेभोवती साठणाऱ्या डिस्लोकेशनमुळे. इथे ओरोवानचं, म्हणजे डिस्लोकेशनला कणांना वळसा घालावा लागल्याने मिळणाऱ्या ताकदीच्या सूत्राचं, नाव घेण्याची जी फॅशन आहे, तिची मला विशेष चीड आहे. करून बघा: अ‍ॅल्युमिनियमचा शिअर मॉड्युलस (घसरणीला होणारा विरोध) 26 गिगापास्कल, बर्गर्स व्हेक्टर (डिस्लोकेशनच्या एका सरकण्याचं माप) 0.286 नॅनोमीटर, कणांमधलं अंतर 30 मायक्रोमीटर. पहिले दोन गुणा, अंतराने भागा. उत्तर पाव मेगापास्कल! ओरोवान नॅनोकणांसाठी ठेवा.

सिलिकॉन कार्बाइडसारखं नेहमीचं सिरॅमिक सोडून काच का घालायची, हा रास्त प्रश्न आहे. ताठपणा हवा असेल तर घालूच नका. कार्बाइडचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) 400 गिगापास्कलच्या वर, झिर्कोनियम काचेचा शंभरच्याही आत, आणि घनता कार्बाइडच्या जवळपास दुप्पट. ‘हलकं आणि ताठ’ ही जाहिरात या कंपोझिटला शोभत नाही. काचेची बाजू सीमेवर दिसते. धातूला धातू चांगला चिकटतो, आणि वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये कार्बाइडपासून तयार होणारं ठिसूळ अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड इथे उद्भवत नाही. शिवाय ग्लास ट्रान्झिशनच्या, म्हणजे काच मऊ पडू लागते त्या तापमानाच्या, वर काचेचे कण स्वतःच मऊ पडतात, दाबाखाली पोकळ्या भरतात. हा गुण सिरॅमिकमध्ये नाही, आणि माझ्या मते काच निवडण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच.

पण हाच गुण गळ्याशीही येतो. व्हिट्रेलॉय 1 साधारण 350 अंश सेल्सियसला मऊ पडते, आणि नेहमीच्या वेगाने तापवत नेली तर आणखी सुमारे 80 अंशांवर स्फटिक धरू लागते. अ‍ॅल्युमिनियम वितळतं 660 ला. म्हणजे वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये अशी काच ढवळली की थंड झाल्यावर हाती येतात स्फटिकी कण. म्हणून पावडर, हॉट प्रेस, एक्स्ट्रुजन (साच्याच्या भोकातून दाबून काढणं), स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (दाबाखाली विजेच्या प्रवाहाने पावडर जोडणं) हे मार्ग, नाहीतर निकेल-नायोबियमसारखी जास्त उष्णता सोसणारी काच.

आणि तरीही एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (स्फटिक असेल तर टोकदार शिखरं, काच असेल तर पसरट टेकाड दाखवणारा) आलेख जोडला जातो तो मूळ पावडरीचा! पसरट टेकाड दाखवून ‘कण अमॉर्फस (स्फटिकी नसलेले) आहेत’ असं ठोकून दिलं जातं. पावडर अमॉर्फस होती याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दाबून, तापवून, एक्स्ट्रूड करून झाल्यावर काय उरलं ते दाखवायचं असतं. त्यातही अ‍ॅल्युमिनियमची उंच शिखरं काचेचं टेकाड झाकून टाकतात, तेव्हा जोडीला डीएससी (नमुना तापवताना शोषली-सोडली जाणारी उष्णता मोजणारी चाचणी) हवीच: तयार नमुन्याने स्फटिकीकरणाची उष्णता मूळ पावडरीच्या प्रमाणात सोडली तर काच शाबूत आहे. ती उष्णता गायब असेल तर पदार्थ कदाचित अजूनही मजबूत निघेल, कारण स्फटिकी इंटरमेटॅलिक (धातू-धातूंच्या संयुगाचे) कणही कठीणच असतात. फक्त त्याचं श्रेय काचेला देऊ नका.