थिबा राजा रत्नागिरीला का आला? ब्रह्मदेशाचं १८८५ साल

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये ब्रह्मी राजा का राहत होता, असं विचारलं की 'इंग्रजांनी कैद करून आणला' एवढ्यावर भागवलं जातं. उत्तर खरंच आहे, पण कैद का केलं हे त्यातून कळत नाही.

१८८५ च्या आधी इंग्रज आणि ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) यांच्यात दोन युद्धं झाली होती. पहिल्यात (१८२४-२६) आराकान आणि तेनासरीम हे किनाऱ्यावरचे प्रांत इंग्रजांकडे गेले, दुसऱ्यात (१८५२) रंगूनसकट खालचा ब्रह्मदेश. समुद्र तुटला आणि इरावती नदीच्या वरच्या अंगाला मंडालेचं राज्य तेवढं उरलं. १८७८ साली मिंडान राजा वारला आणि विशीच्या उंबरठ्यावरचा थिबा गादीवर आला. पुढच्याच वर्षी गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातल्या कित्येकांची वाड्यात कत्तल झाली. हे रक्त पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांच्या फार उपयोगी पडलं.

भांडणाला निमित्त मिळालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या कंपनीकडे वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांचा मक्ता होता. (ही कंपनी आजही आहे, वाडियांकडे, आणि ब्रिटानिया बिस्किटं तिच्याच पंखाखाली.) कंपनी ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवते, असा ठपका ठेवून मंडालेच्या मंत्रिमंडळानं ऑगस्ट १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोकला. मामला पैशांचा होता, लवाद नेमून मिटवता आला असता.

पण इंग्रज सरकारच्या पोटात दुखत होतं ते फ्रान्समुळे. जानेवारीत थिबाच्या वकिलांनी, म्हणजे दूतांनी, पॅरिसमध्ये व्यापारी करार केला होता, मंडालेत फ्रेंच वकील येऊन बसला होता आणि फ्रेंच भांडवलाची बँक, रेल्वे अशा गोष्टी बोलल्या जात होत्या. टाँकिनमध्ये (आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये) फ्रान्सचे हात पोळले होते, त्यामुळे तिथून खरी मदत येण्याची शक्यता थोडीच होती. तरी रंगूनचे गोरे व्यापारी 'राज्य घ्या' म्हणून मागे लागले होते, लंडनमध्ये लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल भारतमंत्री होता आणि विलायतेतल्या निवडणुका तोंडावर होत्या.

२२ ऑक्टोबरला व्हाइसरॉय डफरिनच्या सरकारनं निर्वाणीचा खलिता धाडला. दंडाची अंमलबजावणी थांबवा, ही मागणी त्यात होतीच. शिवाय मंडालेत इंग्रज रेसिडेंट (दरबारातला सरकारी प्रतिनिधी) कायमचा ठेवायचा, परराष्ट्र व्यवहार भारत सरकारच्या सल्ल्यानं चालवायचे, चीनशी व्यापाराची वाट मोकळी करून द्यायची. म्हणजे लाकडाच्या हिशेबातून अख्खं राज्यच मागितलं होतं. त्यात बुटांचाही प्रश्न होता. राजासमोर जाताना पादत्राणं काढून जमिनीवर बसायचं, हा तिथला रिवाज. १८७५ नंतर भारत सरकारनं आपल्या रेसिडेंटला बूट काढायला मनाई केली, तेव्हापासून त्याला राजाची भेटच मिळेनाशी झाली. आता वकिलाला असल्या मानहानीशिवाय राजाची थेट भेट मिळाली पाहिजे, अशी अट आली.

या अटी जशाच्या तशा मान्य करणं म्हणजे आपल्या हातानं मांडलिक होणं. थिबानं ते केलं नाही. १४ नोव्हेंबरला जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावतीतून आगबोटींनी निघाली. मिन्हलाच्या किल्ल्यावर झुंज झाली ती सोडली तर मोठी लढाई अशी झालीच नाही. २८ तारखेला इंग्रज मंडालेत शिरले आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी सुपयालात आणि परिवाराला बैलगाड्यांतून नदीवर नेऊन आगबोटीत चढवलं. रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

राजधानी पंधरवड्यात पडली, देश मात्र पडला नाही. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला आणि त्यानंतरच खरी लढाई पेटली. जुने सैनिक, गावोगावचे मुखिया, काही भिक्खूसुद्धा रानात उतरले. सरकारी कागदात ते सगळे 'डाकू'. बंड मोडायला कित्येक वर्षं आणि मूळ फौजेच्या कितीतरी पट शिपाई लागले. त्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येनं होते, आणि खर्च पडला हिंदुस्थानच्या तिजोरीवर.

या खर्चाची धास्ती मुंबईत आधीच घेतली गेली होती. थिबाला नेलं त्याच्या महिनाभरानं, २८ डिसेंबरला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. जमलेल्या ७२ प्रतिनिधींनी वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याला नापसंती दाखवणारा ठराव केला, आणि घ्यायचाच असेल तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून तोडून वेगळी वसाहत करा, असंही त्यात घातलं. ब्रह्मी लोकांच्या स्वातंत्र्यापेक्षा आपल्या करदात्याची काळजी त्यात जास्त दिसते. सरकारनं तेव्हा ऐकलं नाही. ब्रह्मदेश हिंदुस्थानचा प्रांत झाला, आणि वेगळा व्हायला १९३७ साल उजाडलं.