हात थरथरतो, पण कधी?

आमच्या रामबागेत कुणा आजोबांच्या हातात कपबशी खुळखुळली की शेजारी लगेच म्हणतात, "कंपवात झालेला दिसतोय." इंदूरच्या मराठी घरांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता सहन होत नाही. नुसती कपबशी खुळखुळत असेल तर तो बहुधा कंपवात नसतोच.

कंपवात म्हणजे पार्किन्सन. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी त्यावर लिहिलं. मेंदूत डोपामाइन हे हालचाल सांभाळणारं रसायन कमी पडतं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. हात कापण्याचा दुसरा आजार इसेन्शियल ट्रेमर. तो कितीतरी जास्त आढळतो, पण मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, म्हणून त्याचे रुग्णही कंपवाताच्याच खात्यात जमा होतात.

खरा फरक आहे तो हात कधी कापतो यात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात कामाला लागला की कापतो. कप उचलताना, सही करताना, पोह्यांवर लिंबू पिळताना. मांडीवर ठेवला की शांत. कंपवातात उलट. टीव्ही बघताना मांडीवर स्वस्थ पडलेला हात हलतो, अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी एकमेकांवर फिरतात. सुरुवात बहुतेकदा एकाच बाजूने.

घरोघरी परीक्षा मात्र एकच, "हात पुढे करा बघू." ती मला मुळीच पटत नाही. कंपवाताची थरथर हात पुढे केल्यावर थांबते आणि कित्येकदा काही सेकंदांनी परत येते. तोवर बघणारा "काही नाही" म्हणून मोकळा झालेला असतो. त्यापेक्षा हात मांडीवर सैल सोडू द्या आणि मन दुसरीकडे गुंतावं म्हणून शंभरातून सात-सात वजा करायला लावा. माझ्या आत्याचा उजवा हात त्र्याण्णव, शहाऐंशी म्हणता म्हणताच हलू लागला. त्याआधी दोन वर्षं आम्ही "वय झालं" म्हणत होतो.

डोकं हलणं, आवाज कापणं, आईवडिलांनाही तेच असणं हे इसेन्शियलकडे झुकतं. अक्षर जरूर बघा. इसेन्शियलमध्ये ते वेडंवाकडं होतं, कंपवातात ओळीगणिक बारीक.

आणि थरथर नाही म्हणजे कंपवात नाही, असंही नव्हे. त्याच्या निदानाला मंदावलेली हालचाल लागते. चालताना एक हात झुलेनासा झाला, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. कंपवातावर लेव्होडोपा देतात, इसेन्शियलवर बहुधा प्रोप्रानोलॉल, आणि ते दम्याच्या माणसाला धोक्याचं असतं.