पार्श्वभूमी : आयपीव्ही६ची वाट कुठे अडली

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. त्यासाठीच्या जुन्या आवृत्तीचे, आयपीव्ही४चे, ३२ बिटांचे पत्ते, म्हणजे जेमतेम ४२९ कोटी, पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. १२८ बिटांच्या नव्या आवृत्तीचे, आयपीव्ही६चे, पहिले मानक डिसेंबर १९९५मध्ये आले. त्याआधीच, १९९४मध्ये, नॅट ही पत्ते बदलून देणारी युक्ती पुढे आली होती : एका सार्वजनिक पत्त्यामागे अख्खे ऑफिस. हा तात्पुरता उपाय कायमचा मुक्कामाला राहिला आणि नव्या आवृत्तीची घाई कुणालाच उरली नाही.

खरी अडचण अशी की या दोन आवृत्त्यांचा आपसांत थेट संवाद होत नाही. म्हणून ‘ड्युअल स्टॅक’ची शिफारस झाली : दोन्ही सोबत चालवा, कालांतराने व्ही४ बंद करा. पण त्यात प्रत्येक यंत्राला व्ही४ पत्ता लागतोच. टंचाई नेमकी त्याचीच होती.

दुसरा मार्ग म्हणजे गेटवेवर, दोन नेटवर्कांच्या सीमेवरच्या यंत्रावर, पाकिटांचे (डेटाच्या तुकड्यांचे) एका आवृत्तीतून दुसरीत रूपांतर. त्यासाठी २०००मध्ये नॅट-पीटी हे मानक आले आणि २००७मध्ये ते मोडीत काढले गेले. आक्षेप खोटे नव्हते. हा गेटवे डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, उत्तरे वाटेतच बदलत असे, त्यामुळे त्या उत्तरांचा खरेपणा पटवणारी डीएनएससेकची सही जुळत नसे. शिवाय सगळी वाहतूक त्याच एका यंत्रातून न्यावी लागे. तरीही दुरुस्त पर्याय हातात नसताना ते काढून टाकणे ही मोठी चूक होती. पत्ते संपत आले तीच ही वर्षे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि १५ एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झाले. त्याच एप्रिलमध्ये रूपांतर ‘नॅट६४’ या नावाने परतले. या वेळी डीएनएसचे काम गेटवेपासून वेगळे केले होते.

तेवढ्यानेही काही अ‍ॅप चालेनात, कारण त्यांच्या कोडमध्येच व्ही४ पत्ते लिहिलेले होते. २०१३च्या ४६४एक्सलॅट या पद्धतीने तोही प्रश्न सोडवला. अशा नेटवर्कवरच्या अँड्रॉइड फोनमध्ये १९२.०.०.४ असा पत्ता दिसतो. तो फोनपुरताच असतो. अ‍ॅपने त्यावर पाठवलेले पाकीट फोनमध्येच व्ही६ होऊन बाहेर पडते.

भारतात व्ही६साठीचा पहिला सरकारी आराखडा २०१०चा, दुसरा २०१३चा. पण वापराचा आकडा हलला तो २०१६मध्ये नवी ४जी सेवा आल्यावर. कोट्यवधी ग्राहक जोडायचे आणि जुन्या पत्त्यांचा साठा नाही, अशा कंपनीला व्ही६शिवाय गत्यंतर नव्हते. आज भारतातली निम्म्याहून जास्त वाहतूक व्ही६वर आहे, ती मुख्यतः मोबाइलमुळे.

वायरच्या ब्रॉडबँडसाठी आणि सरकारी कार्यालयांसाठी २०२१मध्ये व्ही६वर जाण्याच्या मुदती पुन्हा ठरवाव्या लागल्या. अजूनही कितीतरी केबल इंटरनेटवाल्यांकडे अनेक घरे एकाच व्ही४ पत्त्यामागे आहेत, आणि दुकानातला सीसीटीव्ही घरून थेट पाहायचा तर ‘स्टॅटिक आयपी’चे, म्हणजे स्वतःच्या कायम पत्त्याचे, वेगळे पैसे मोजावे लागतात.