पार्श्वभूमी: घरची उन्हाळी सरबतं आणि कोकम या शब्दाचा घोळ

पाडवा उलटला की फोनवर तीच यादी फिरायला लागते, "उन्हाळ्यासाठी आपली पारंपरिक पेयं", आणि त्यात पन्हं, कोकम सरबत, सोलकढी, लिंबू सरबत, मठ्ठा, झालंच तर वाळ्याचं सरबत. पन्हं कसं करायचं ते इथे कुणाला सांगायला नको, म्हणून कृती सोडून देते. उसाचा रसही सोडते, तो घरी होत नाही. पण या यादीतलं खरंच पणजीच्या काळचं किती आणि घरात फ्रीज आल्यावरचं किती, हे बघायला गेलं तर मजा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, गोड, लालभडक, बर्फ घातलेलं, उंच ग्लासातलं जे काही आपण पारंपरिक म्हणून पितो त्यातलं बरंचसं गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं आहे.

पन्हं हा शब्द मात्र खरंच जुना. संस्कृतातलं पानक, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पानकांचा वेगळा उल्लेख येतो, फळं किंवा आंबट-गोड काहीतरी पाण्यात कालवून केलेलं पेय एवढाच त्याचा अर्थ. कर्नाटकात आणि आंध्रात रामनवमीला अजूनही पानक वाटतात, गूळ, पाणी, सुंठ, वेलची, त्यात कैरी नसते. आपल्याकडे हा शब्द आक्रसत आक्रसत कैरीपुरता उरला. चिंचेचं पन्हं काही घरांत होतं, पण नुसतं पन्हं म्हटलं की कैरीचंच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि भिजवलेले हरभरे यांच्याबरोबर ते फुलपात्रात मिळायचं, दोन घोट, पिवळट, वेलचीचं, गुळाचं असेल तर जरा काळपट. आता हॉटेलच्या मेन्यूकार्डावर त्याचं आम पन्ना झालंय आणि त्यात पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ आलंय. ते उत्तरेतलं आहे आणि चांगलंच लागतं, पण ते आपलं पन्हं नाही, एवढं तरी कार्डावर नीट लिहावं असं मला वाटतं. कैरी उकडायची की कच्ची किसायची हा वाद पुन्हा वेगळा. प्रेशर कुकर घरोघरी आल्यावर उकडणाऱ्यांची सरशी झाली, कारण वरण-भाताबरोबर वरच्या डब्यात दोन कैऱ्या टाकल्या की काम झालं.

सरबत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात अर्थ नुसता "पिणं". गंमत अशी की शराबही त्याच धातूतली आणि इंग्रजांचं सिरपही तिथलंच, अरबीतून लॅटिनमध्ये गेलेलं. म्हणजे आपण बाटलीतलं कोकम सिरप पाण्यात घालून कोकम सरबत करतो तेव्हा एकच शब्द दोन वाटांनी येऊन एकाच ग्लासात भेटतो. याकडे पुन्हा यायचंय.

थंडाव्याचं काय? माठ, वाळा, ओलं फडकं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून कोरड्या हवेच्या विदर्भात माठाचं पाणी छान गार होतं आणि दमट मुंबईत जेमतेम. म्हणूनच की काय बर्फाची हौस मुंबईला लवकर लागली. १८३४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात बांधून जहाजानं मुंबईत उतरला, चार महिन्यांच्या प्रवासात वितळून जो उरेल तो. एका बड्या पारशी शेटजींनी जेवणावळीत आईस्क्रीम ठेवलं, दुसऱ्या दिवशी यजमान आणि पाहुणे दोघांना सर्दी, आणि "बरी खोड मोडली" अशा अर्थाचं गुजराती पेपरात छापून आलं, असा किस्सा सांगितला जातो. पुढे बर्फाचे कारखाने आले आणि बर्फ साध्या माणसाला परवडू लागला, पण तो रस्त्यावर, गोळेवाल्याकडे. घरात बर्फ म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर ठेवायची पिशवी. देशी बनावटीचा फ्रीज १९५८ साली बाजारात आला तरी मध्यमवर्गाच्या घरात तो शिरायला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागली, आमच्याकडे ८४ साली आला आणि आसपासच्या चार घरांचा बर्फाचा ट्रे आमच्या फ्रीजमध्ये असायचा.

खरा बदल या काळातला, साधारण ७० ते ९५, आणि मी याच काळातली असल्यानं माझं झुकतं माप इकडे आहे हे मान्य. १९७७ मध्ये परदेशी कोलावाल्यांनी गाशा गुंडाळला, ते १९९३ ला परत आले. मधल्या सोळा वर्षांत देशी बाटल्या होत्याच, पण बाटली म्हणजे लग्न, सिनेमा किंवा गावाहून आलेला पाहुणा. रोजच्या घरासाठी आली ती पावडर, ५ रुपयांत ३२ ग्लास, जाहिरात कुणाची ते सांगायला नको. आया खूश, मुलं खूश, ग्लास केशरी. फळ एकही नाही. आणि याच काळात दुसऱ्या बाजूनं महिला मंडळांत फळप्रक्रियेचे वर्ग सुरू झाले, सरकारी नाहीतर निमसरकारी, चार-आठ दिवसांचे, तिथे बायका स्क्वॉश, क्रश, सिरप करायला शिकल्या. माझ्या मावशीच्या वहीत अजून आहे, "पिवळ्या-पांढऱ्या रसाला केएमएस, लाल-जांभळ्याला सोडियम बेंझोएट". दोन्ही रस टिकवायच्या पावडरी, केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि हा फरक कारण केएमएस लाल रंग उडवतं. पूर्वी कैरीचं पन्हं कैरीच्या दिवसांतच व्हायचं, आता गर शिजवून साखरेत घोटून बाटलीत भरला की जुलैतही पन्हं. पन्ह्याचा ऋतू गेला आणि पन्ह्याचा गर आला. गूळही मागे पडला, कारण गुळाचा गर लवकर फसफसतो आणि साखरेचा टिकतो.

आता कोकम. इथे जरा थांबावं लागेल, कारण निम्म्या लोकांची कृती इथेच बिघडते.

फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, दक्षिण सिंधुदुर्गात आणि गोव्यात भिरंड. त्या फळाची साल काढून, आतल्या रसाला मीठ लावून त्यात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायची, तीन-चार वेळा, की काळपट लाल चिवट तुकडे होतात, ते म्हणजे कोकम. किंवा आमसूल. किंवा सोलं. तिन्ही एकच वस्तू, फक्त देशावर आमसूल, मुंबईत कोकम, मालवण-गोव्याकडे सोलं. पण मुंबईत फळालाही कोकमच म्हणतात आणि झाडालाही, तिथून गोंधळ सुरू. बियांच्या तेलाच्या गोळ्याला कोकम तेल किंवा मुठेल, ते टाचांच्या भेगांना. मग येतं आगळ, म्हणजे ताज्या फळाचा रस भरपूर मीठ घालून टिकवलेला, आमटीत, माशाच्या कालवणात, सोलकढीत चमचा-दोन चमचे घालायला. आणि शेवटी अमृत कोकम, म्हणजे ताज्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावून आठवडाभर उन्हात ठेवायचं आणि जो पाक सुटेल तो गाळून घ्यायचा. सालीच्या साधारण दुप्पट साखर लागते, हे वाचून डाएटवाल्यांनी दचकू नये, नंतर पाणी घालूनच प्यायचंय.

आता "कोकम सरबत" म्हणजे यातलं नक्की कुठलं? कोकणातल्या माणसाला विचाराल तर अमृत कोकम पाण्यात, चिमूटभर मीठ, जिरेपूड. पुण्याच्या जुन्या घरात विचाराल तर वाळकी आमसुलं तासभर भिजवून, कोळून, साखर घालून. ते फिकट होतं, चवीला खारट-तुरट आणि माझ्या दृष्टीनं ते आमसुलाच्या साराचा गार भाऊ आहे, सरबत नव्हे, पण पुणेकरांशी कोण वाद घालणार. तिसरा प्रकार म्हणजे आगळ आणून त्यात साखर घालणारे. एकदा मी कोकणातून येताना नागपूरच्या चुलत बहिणीसाठी हौसेनं बाटली नेली, आगळाची, तिनं ती सिरप समजून पाहुण्यांना ग्लासात अर्धं अर्धं ओतून वर पाणी घालून दिली. पाहुणे एक घोट घेऊन शांत बसले. चूक माझी, बाटलीवर फक्त "कोकम" लिहिलेलं होतं आणि मी काही बोलले नाही.

बाटल्यांवर नीट लिहावं असा नियम तसा जुना आहे. १९५५ च्या फळपदार्थांच्या आदेशात सिरप, स्क्वॉश, क्रश यांच्या व्याख्या ठरल्या, फळाचा रस तिन्हींत किमान २५ टक्के, पण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, स्क्वॉशमध्ये किमान ४० टक्के, क्रशमध्ये ५५ आणि सिरपमध्ये ६५. कागदावर छान. पण आगळ, अमृत कोकम हे शब्द त्या चौकटीतले नाहीत, ते घरातले. त्यामुळे गावातल्या बचत गटाच्या बाटलीवर एक नाव, शहरातल्या दुकानातल्या बाटलीवर दुसरं, आणि आता तर "बिनसाखरेचं आगळ" आणि "गोड आगळ" असंही दिसतं. गोड आगळ म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. आगळात साखर नसतेच, तर बिनसाखरेचं वेगळं कशाला लिहायचं?

यात झाडाचाही दोष आहे म्हणा. कोकमाची झाडं नर आणि मादी वेगळी, आणि बी लावून आलेलं रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, त्याला सहा-सात वर्षं जातात आणि निम्मी झाडं फळ न देणारी निघतात. म्हणून हापूस-काजूच्या बागा झाल्या आणि कोकम बांधावर, परसात, वहाळाच्या कडेला राहिलं. कलमं आली तेव्हा मादीचीच कलमं लावता येऊ लागली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून १९९७ मध्ये कोकण अमृता ही जात आली, पुढे कोकण हातीस. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनात वस्तूचं नाव कोकम. म्हणजे रातांबा, भिरंड, आमसूल, सोलं हे सगळे शब्द कागदावर हरले आणि मुंबईच्या बाजारातला शब्द जिंकला. गोव्यातल्या लोकांना याचं थोडं दुखलं असेल तर मला त्यात आश्चर्य वाटत नाही, झाड काही सीमा बघून उगवत नाही.

सोलकढीचीही तीच कथा, फक्त उलट. ती मुळात पिण्याची वस्तूच नव्हती. नावातच कढी आहे. जेवणाच्या शेवटी भातावर घ्यायची, नारळाचं दूध, सोलांचं पाणी, लसूण, मिरची, आणि नारळ नसेल किंवा पोटाला हलकं हवं असेल तर नुसतं कोकमाचं पाणी, जिरं, मिरची, त्याला तिवळ म्हणतात. मुंबईत मालवणी खानावळी फोफावल्या तेव्हा ती ताटातून उठून ग्लासात गेली, जेवणाआधी, गुलाबी आणि गार. वाटीतली सोलकढी इतकी गुलाबी कधीच नव्हती, फिकट जांभळट असायची. आता काही ठिकाणी बिटाचा रस घालतात रंगासाठी. घालू देत, पण मग तिला कोकमाची का म्हणायचं.

या सगळ्या यादीतून एक वस्तू मात्र सतत गळते आणि ती म्हणजे आंबील. ज्वारीची किंवा नाचणीची, पीठ आंबवून शिजवलेली, ताक घालून, मीठ, कधी कांदा. उन्हात राबणाऱ्यांचा हा खरा उन्हाळी आधार, पाणी, मीठ, पोटाला भर सगळं एकात. पण ती दिसायला मळकट, फोटोत येत नाही आणि पाहुण्यांना कुणी देत नाही. मिलेटच्या लाटेत २०२३ नंतर नाचणीच्या आंबिलीचे व्हिडिओ आले खरे, पण त्यातही वर डाळिंबाचे दाणे.

अलीकडच्या दोन गोष्टी. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्टेशनवर लिंबू सरबत कसं करतात त्याचा व्हिडिओ फिरला, छपरावरच्या टाकीत हात बुडवून चाललेलं, आणि मध्य रेल्वेनं स्टेशनांवरचं उघडं लिंबू सरबत, काला खट्टा वगैरे विकणं बंद केलं. निर्णय योग्य की अयोग्य यावर तेव्हा ट्रेनमध्ये चांगलीच वादावादी झाली, कारण दुपारी कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत घामानं निथळणाऱ्याला पाच-सात रुपयांत दुसरं काय मिळणार, बाटलीबंद पाणी? स्वच्छतेचा मुद्दा खरा होता, पण तोडगा नळ आणि ग्लास यांचा निघायला हवा होता, सरबताचा निघाला. त्यानंतर निदान आमच्या ओळखीत तरी डब्याबरोबर छोटी बाटली न्यायची पद्धत पडली, लिंबू, साखर, मीठ, घरचंच.

दुसरी, ऑक्टोबर २०२५ मध्ये ओआरएस, म्हणजे जुलाब-उलट्यांत द्यायचं साखर-मिठाचं पाणी, हे नाव गोड पेयांच्या पाकिटांवर लिहायला मनाई झाली, मापाप्रमाणे खरं ओआरएस असेल तरच लिहायचं. उन्हाळ्यात मुलांना दुकानातलं रंगीत "ओआरएस" पाजणाऱ्यांना तेव्हा कळलं की त्यात बऱ्याचदा नुसती साखरच जास्त होती. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे माप आपल्या शाळेच्या पुस्तकातही होतं आणि दवाखान्याच्या भिंतीवरही. आमच्या घरी ते अजून स्वयंपाकघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला पेननं लिहिलेलं आहे, आणि त्याच्या खाली मावशीच्या अक्षरात, "आगळ घालू नये, खारट होतं".