३५३-बचा अहवाल आणि ३५४ची नोटीस

मुंबईतील जुन्या इमारतीत एखाद्या रात्री छताचा गिलावा निखळून पडतो, आतील गंजलेली सळई उघडी पडते आणि दुसऱ्या दिवसापासून रहिवाशांमध्ये बोलणे सुरू होते: ‘ऑडिटची नोटीस आली’, ‘इमारत सी-वन (सर्वांत धोकादायक वर्ग) झाली, आता खाली करावीच लागणार’. या वाक्यांत अभियंत्याचा तपासणी अहवाल आणि पालिकेची नोटीस या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात, आणि त्या सरमिसळीची किंमत घाईने घर सोडणाऱ्या माणसाला मोजावी लागते, म्हणून हा खुलासा आवश्यक वाटतो.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते आणि त्यानंतर दर १० वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. ही जबाबदारी इमारतीच्या वयामुळे येते आणि ती मालकाची किंवा भोगवटादाराची असते. अभियंता नेमणारी आणि त्याचे शुल्क देणारी सहसा सोसायटीच असते.

त्याच अधिनियमाच्या कलम ३५४ चा वयाशी काहीही संबंध नाही. इमारत किंवा तिचा एखादा भाग मोडकळीस आला असेल, पडण्याच्या बेतात असेल, आत राहणाऱ्यांना किंवा शेजारून जाणाऱ्यांना धोकादायक असेल, तर तो पाडावा, सुरक्षित करावा किंवा दुरुस्त करावा, असा लेखी आदेश पालिका या कलमाखाली देते. ‘आमची इमारत अवघी वीस वर्षांची आहे, आम्हाला नोटीस येऊच शकत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. भिंती-खांबांची तोडफोड किंवा वर्षानुवर्षांची गळती नव्या इमारतीलाही धोकादायक करू शकते.

खरी गफलत मात्र पुढे होते. अभियंत्याच्या अहवालात ‘सी-१’ लिहिले म्हणजे इमारत रिकामी करण्याचा आदेश झाला, असे मानले जाते. तसे नाही. अहवाल हे एका तज्ज्ञाचे मत आहे. घर रिकामे करण्याचे बंधन पालिकेच्या आदेशाने येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि इमारत पाडण्यापूर्वी तेथील रहिवाशांची व प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळाची नोंद करणे हा त्या प्रक्रियेतील महत्त्वाचा टप्पा आहे. पुनर्विकासाची घाई असलेल्या मंडळींच्या तोंडी आग्रहावरून, हातात केवळ अहवालाची छायाप्रत घेऊन जे कुटुंब आधीच निघून जाते, ते मोजणीच्या वेळी तेथे नसते. पुढे खोली किती चौरस फुटांची होती, माळा धरायचा की नाही, यावर वाद उभा राहतो आणि पुरावा मात्र ढिगाऱ्यात गेलेला असतो. अशा आग्रहाला माझा ठाम विरोध आहे.

याचा अर्थ धोक्यात बसून राहावे असा मुळीच नाही. सळया उघड्या पडलेल्या खोलीत त्या रात्री कोणीही झोपू नये. त्याच दिवशी विभाग कार्यालयाला लेखी कळवून पाहणीची मागणी करावी, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, अभियंत्याच्या सल्ल्याने टेकू लावावेत आणि कागदांची पोच जपून ठेवावी. भाडेकरूंना वाटणारी भीतीही अनाठायी आहे: इमारत पाडल्यामुळे भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नोटीस हातात पडल्यावर आधी वर्ग वाचावा, कारण ३५४ची प्रत्येक नोटीस घराबाहेर काढणारी नसते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडण्याची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा अंशतः पाडकाम. सी-२बी मध्ये संरचनात्मक दुरुस्ती रहिवासी आत असतानाच होते. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-२बीच्या नोटिशीवर सामान बांधायला घेतलेली कुटुंबे पाहिली की वाईट वाटते, कारण ते एक अक्षर कोणी त्यांना नीट वाचून दाखवलेले नसते. अहवालाशी सहमत नसलेल्या रहिवाशांना स्वतःचा अभियंता नेमता येतो, आणि दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. तेथे नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीला फारसे वजन नसते. काँक्रीटची मजबुती आणि सळयांचा गंज तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ-सेल पोटेन्शियल आणि काँक्रीटच्या कोअरची (कापून काढलेल्या नमुन्याची) चाचणी यांचे निष्कर्ष सोबत हवेत.

३५४-अ हे वेगळेच कलम असून ते विनापरवाना चालू असलेले बांधकाम थांबवण्यासाठी आहे. नुकसान कोणामुळे झाले आणि भरपाई कोणी द्यायची, हे ना अहवाल ठरवतो ना नोटीस. त्यासाठी सोसायटीचे उपविधी, विमा किंवा दिवाणी न्यायालय यांचाच मार्ग धरावा लागतो. मुंबईबाहेरील महानगरपालिकांत तपासणी आणि धोकादायक इमारतीची नोटीस हाच भेद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २६५-अ आणि कलम २६४ यांच्यात आढळतो.