ढग, केळीचं पान आणि कॅमेरा

मागच्या थंडीत यावल तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत सकाळी उभा होतो. पानावर पिवळ्या-तपकिरी रेघा, पलीकडून ऊन, आणि त्या उन्हात प्रत्येक रेघ पेटल्यासारखी. मोबाइल वर केला तोच बागमालक म्हणाले, ‘‘त्याचा काय फोटो काढता भो, करपा आहे तो.’’ विळ्यानं पान कापलं आणि बागेबाहेर नेऊन टाकलं. फोटो राहिला.

ध्यान म्हणून फोटोग्राफी करणारे सांगतात ते असं: आधी थांबा, बघा, दिसतंय त्याला लगेच नाव देऊ नका. ना ‘सुंदर’, ना ‘करपा’. बटण त्यानंतर. या विचाराला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका टोमण्यातून झाली म्हटलं तरी चालेल.

अल्फ्रेड स्टीगलिट्झ हे अमेरिकेतल्या फोटोग्राफीतलं बडं नाव. त्यांच्या फोटोंची जादू समोरच्या माणसांवर ते जी मोहिनी घालतात तिच्यात आहे, असं एका टीकाकारानं लिहिलं. स्टीगलिट्झना ते लागलं. १९२२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला त्यांनी कॅमेरा थेट आभाळाकडे वळवला. ढगावर कोण मोहिनी घालणार? शिवाय ढग सगळ्यांचे, फुकटचे. पुढच्या दहा-बारा वर्षांत असे दोनशेहून अधिक फोटो झाले, बरेचसे तळहाताएवढे. त्यांना त्यांनी ‘इक्विव्हॅलंट’ म्हटलं: आत जे चाललंय त्याच्या तोलाचं बाहेरचं रूप. (आपल्याकडे मृगात आभाळाकडे बघणाऱ्या कापूसवाल्याला हे ऐकवायची माझी छाती नाही.)

अमेरिकेतलेच फोटोग्राफर मायनर व्हाइट यांनी हा धागा उचलला. १९५२मध्ये सुरू झालेल्या ‘ॲपर्चर’ या फोटोग्राफीच्या त्रैमासिकाचे ते संपादक, १९६५पासून एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात शिक्षक. झेन हा बौद्ध ध्यानपंथ आणि गुर्जिएफ हे अध्यात्मगुरू यांचा त्यांच्यावर प्रभाव. विद्यार्थ्यांना ते आधी शांत बसवत, मग फोटो बघायला लावत.

दुसरा धागा मठांतला. अमेरिकेत केंटकीतले ट्रॅपिस्ट (एक कॅथलिक मठपंथ) साधू थॉमस मर्टन मित्राकडून उसन्या मिळालेल्या कॅमेऱ्यानं झाडाची मुळं, खुर्ची, भिंत असलं काहीबाही टिपत. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्यात त्यांची गाठ तिबेटी लामा चोग्याम त्रुंग्पांशी पडली. डिसेंबरात मर्टन बँकॉकमध्ये वारले. वागण्यामुळे वादग्रस्त ठरलेल्या त्रुंग्पांनी १९७४मध्ये कोलोराडोत नरोपा संस्था काढली. कलेकडे साधना म्हणून बघायची त्यांची शिकवण त्यांच्या शिष्यांनी पुढे नेली. त्यांच्यापैकी मायकल वूड यांनी कॅनडात फोटोग्राफीची ‘मिकसांग’ पद्धत बसवली. तिबेटीत मिकसांग म्हणजे चांगला डोळा.

इंग्रजीत फोटो ‘शूट’ किंवा ‘टेक’ करतात, म्हणून तिकडचे शिक्षक ‘फोटो घेऊ नका, स्वीकारा’ असं बजावतात. आपण फोटो ‘काढतो’, रांगोळी किंवा विहिरीचं पाणी काढावं तसा. त्यामुळे ही सूचना मराठीत जरा उपरीच वाटते.

खान्देशात या विषयावर कोणी बोललं की चाळीसगावच्या केकी मूस यांचं (१९१२–१९८९) नाव हमखास निघतं. पारशी घरातला हा कलावंत जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला. त्या घरात आता संग्रहालय आहे. पण मूस यांना ध्यानाच्या परंपरेत बसवायची घाई मला पटत नाही. त्यांची खासियत टेबलटॉप फोटोग्राफी: टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश जुळवायचा आणि अख्खा देखावा उभा करून टिपायचा. मिकसांग सांगतं, समोर आलंय त्याला हात लावू नका. मूस तर सगळं हातानंच घडवत. जुळतं ते एवढंच की दोन्हीकडे कुठे जायचं नसतं. घरातला उजेड टेबलाच्या कुठल्या कडेवर कधी पडतो, हे त्यांना कोणाला विचारावं लागत नसणार.